अण्णाजींच्या मुंग्या आणि हिंगणघाटचा लायसनवाला

मुंगी मरायचीच असेल, तर ती लायसनवाल्या माणसाच्या हातून मेली पाहिजे, असं कृष्णकांतचं ठाम मत होतं! वर्ध्याच्या एका सरकारी ऑफिसात तो हेडक्लार्क होता. परवाने द्यायचे, परवान्यांची मुदत वाढवायची आणि मुदत संपलेल्यांना दारात ताटकळत ठेवायचं, यात त्याचे केस पांढरे झाले होते. रेडिओ ऐकायला लायसन लागतं, सायकल चालवायला लागतं, मग एवढ्या जिवांची हत्या करायची ती बिनालायसनची?

"आपण काय करतो?" चहाच्या वेळी तो सगळ्यांना ऐकवायचा. "हळद टाकतो, रॉकेल ओततो, झाडू मारतो. ही सगळी बेकायदेशीर कारवाई! मुंगीला वचकच बसत नाही. माणूस शिकलेला पाहिजे, लायसनवाला पाहिजे. मग बघा, एका दिवसात घर साफ!"

ऑफिसातले लोक माना हलवायचे. हेडक्लार्क बोलतो आहे म्हटल्यावर त्या हलवाव्याच लागतात.

आता वर्ध्यालगतच्या सिंदी मेघे गावातल्या त्याच्या घरात मुंग्या किती होत्या म्हणाल, तर घर मुंग्यांचं होतं आणि कृष्णकांतचं कुटुंब तिथं पाहुणं राहत होतं. साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला, तर मुंग्या भिंतीवरून छतावर जायच्या आणि छतावरून डब्यावर पडायच्या. गादीत मुंग्या, चपलेत मुंग्या. एकदा साहेबांसमोर त्यानं फाईल उघडली, तर आधी मुंग्या बाहेर आल्या आणि मग कागद. त्या दिवसापासून साहेब कृष्णकांतची फाईल लांबूनच वाचायला लागले.

एवढंही त्यानं सोसलं असतं. पण चैत्रात लेक लीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आलेले. मुंग्यांनी तिच्या पायांवर लाल गांधी उठवल्या, तेव्हा बायको सरोजिनी त्याला म्हणाली, "पोरीचं ठीक आहे हो, ती ओरडते तरी. उद्या पाळण्यात बाळ असेल. त्याला मुंगी चावली तर ते सांगणार कसं? ते रडेल, आणि आपण म्हणू भूक लागली."

हे वाक्य कृष्णकांतच्या काळजात जाऊन बसलं. मुंग्या घालवायच्या, आणि बाळ यायच्या आत घालवायच्या.

अडचण एकच होती. त्या मुंग्या अण्णाजींच्या होत्या.

अण्णाजी म्हणजे कृष्णकांतचे वडील. जन्म सारा सेलूकडच्या वावरात गेलेला, म्हातारपणी लेकाकडे येऊन राहिलेले. समोरच्या खोलीत त्यांची खाट होती. रोज सकाळी आंघोळ झाली की ते मूठभर पिठात चिमूटभर साखर मिसळून खाटेजवळच्या कोपऱ्यात घालायचे, आणि मुंग्यांची रांग लागेपर्यंत तिथं उकिडवे बसून राहायचे. मुंग्या आल्या की हात झटकून उठायचे. त्याशिवाय चहाला तोंड लावायचे नाहीत.

आपल्याकडे रीत आहे, ठाऊकच असेल. माणूस गेलं की जिथं त्यानं प्राण सोडला तिथं पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, वर टोपली झाकायची. मग टोपली उचलून पाहायचं, पिठावर कोणाची पावलं उमटली. पाखराची उमटली तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं, गाईची उमटली तर गाईच्या. अण्णाजींची बायको भागीरथा याच खोलीत गेली. टोपली उचलली तेव्हा पिठावर मुंग्यांची बारीक वेल उमटलेली होती. अण्णाजी त्या वेलीकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोपऱ्यात पहिली मूठ घातली.

कृष्णकांतला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच विषय काढायच्या आधी त्यानं दोनदा घसा खाकरला.

"बाबा, या मुंग्यांचं काहीतरी करावं लागेल."

"काऊन? त्यायनं तुहं काय घेतलं?"

"लीनाला चावतात."

"चावल्या असन तर मायेनं चावल्या असन. आजी हाये ते तिची."

"बाबा, आजी नातीला चावते का?"

"तुही माय मले तर रोज चावत होती," अण्णाजी गंभीरपणे म्हणाले, "पन दोन घडी दिसली नाई तर करमत नव्हतं."

यावर कोणता अधिकारी काय शेरा मारेल? कृष्णकांतनं विषय तिथंच सोडला. पण हिंगणघाटला मात्र त्यानं गुपचूप निरोप धाडला.

हिंगणघाटचे बंडूजी म्हणजे मुंग्या-झुरळं मारायच्या धंद्यातलं मोठं नाव. जिनिंगवाल्यांची आणि दाणेवाल्यांची गोदामं त्यांच्या हाताखालून गेलेली. घर पाहायला आले तेव्हा त्यांनी घर पाहिलंच नाही. आधी कापडी पिशवीतून काचेची फ्रेम काढली. आत लायसन! खाली शिक्का, वर कोपऱ्यात बंडूजींचा टोपीतला फोटो. कृष्णकांतनं शिक्का पाहिला, सही पाहिली, मुदत पाहिली. त्याचे डोळे निवले.

"मी आंधळा गोळीबार करत नाई, जी," बंडूजी म्हणाले. "आधी मुंगीचा पत्ता काढतो. मंगच मारतो. आपलं काम कायद्याचं."

"पत्ता कसा काढता?"

"ते आमच्या धंद्यातलं हाये," बंडूजींनी फ्रेम पिशवीत घातली. "तुमी आपले ऑफिसात जा. दोनपारी या, तयारी झालेली असन. अन् पोट पुढं असलेल्या बाईले घरात ठेवू नका."

ठरलं. अण्णाजींना हे कळलं ते आदल्या संध्याकाळी. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत. खाटेवर बसल्या बसल्या म्हणाले, "किस्ना, तो मानूस उद्या येऊन राह्यला, तर मी ह्या घरचं पानी पेनार नाई. मी जयवंताकडे चाललो सेलूले."

जयवंता म्हणजे त्यांची धाकटी बहीण. कृष्णकांत दिवसभराचा थकलेला. एकीकडे न जन्मलेलं नातवंड, दुसरीकडे मेलेली आई, मध्ये हा! त्याच्या तोंडून निघून गेलं, "जा मग!"

सकाळी उठून बाबांची समजूत घालायची, चहा स्वतः न्यायचा, असं त्यानं मनाशी ठरवलंही होतं. पण सकाळी पाहतो तर खाटेवर घडी घातलेली वाकळ. अण्णाजी पहिल्या बसनं निघून गेले होते. कोपऱ्यात त्या दिवशीची मूठ घातलेली होती.

कृष्णकांत चहा न घेताच ऑफिसात गेला. आजोबा रुसून गेले म्हणून लीना डोळे पुसत रिक्षात बसली, आणि सरोजिनी तिला घेऊन वर्ध्यातल्या आपल्या बहिणीकडे निघाली. जाता जाता बंडूजींनी मागितलं तेवढं पीठ आणि तेलाचा एक दिवा तिनं घाईघाईनं काढून दिला. औषधवाल्याला पीठ कशाला, हा प्रश्न तिला पडला तोवर रिक्षा वळणावर पोचली होती.

आता बंडूजींनी काय केलं ते ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्यांनी घरातली भांडीकुंडी आणि गाद्या अंगणात काढल्या. मुंग्यांचा राबता समोरच्या खोलीत, खाटेखाली, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. खाट उचलून अंगणात भिंतीला उभी केली. खाटेच्या जागी जमिनीवर चाळणीनं पातळ पीठ पसरलं, म्हणजे मुंग्या कुठून येतात आणि कुठं जातात त्याच्या वाटा पिठावर उमटतील. अंधाऱ्या खोलीत वाटा नीट दिसाव्यात म्हणून बाजूला दिवा लावला. वाऱ्यानं पीठ उडू नये म्हणून वर टोपली पालथी घातली. आणि बंडूजी देवाधर्माचे असल्यामुळे, हत्येचं पाप अंगाला लागू नये म्हणून, कामाआधीचा त्यांचा नेहमीचा विधी केला. लायसनची फ्रेम भिंतीवरच्या खिळ्याला टांगली, तिला झेंडूचा हार घातला, खाली उदबत्ती लावली, हात जोडले, आणि दार नुसतं लोटून ते जेवायला निघून गेले. मुंग्यांना पत्ता लिहायला वेळ लागतो. तेवढ्यात जेवण आणि एखादी डुलकी होते.

थोड्या वेळानं शेजारच्या शोभाबाई विरजण मागायला आल्या. अंगणात उभी केलेली खाट पाहून त्या थबकल्या. अंगणातली चूल थंड दिसली. दार ढकललं. आत पीठ, दिवा, टोपली, हार घातलेला फोटो. सकाळी लीनाला रडत रिक्षात बसताना त्यांनी पाहिलंच होतं.

वाटी तिथंच पडली.

"अव माय वं! अण्णाजी गेले वं!"

आळीला जमायला कितीसा वेळ लागतो! बाया आल्या, पुरुष आले. सगळ्यांत शेवटी महादेवराव आले आणि ते आले तेच तोंड पाडून. आळीत कोणीही गेलं तरी तिरडी महादेवरावांनीच बांधायची, हा त्यांचा मान होता. लग्नाची पत्रिका आली नाही तर ते एक वेळ माफ करायचे.

"मले कोनं सांगतलंही नाई!" ते ओसरीवर मटकन बसले. "अण्णाजीले परस्पर नेलं? मी काय मेलो होतो?"

"दवाखान्यातूनच नेलं म्हन्ते," कोणीतरी म्हणालं. कोण म्हणते, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"असन. घाईच झाली असन. पोरगी अवघडलेली हाये ना."

शोभाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि फ्रेमकडे पाहत म्हणाल्या, "फोटो तरुणपनचा दिसते. टोपी शोभून दिसे बाप्पा त्यायले."

शोभाबाईंची नजर अधू होती आणि बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. फोटो बोटाच्या पेराएवढा. एकेक जण आत जाऊन वाकला. सगळी आळी बंडूजींच्या लायसनच्या पाया पडली!

मग महादेवरावांनी टोपली उचलली. खरं तर ती एवढ्या लवकर उचलायची नसते, पण तिरडीचा मान गेल्यावर निदान एवढा तरी आपण घ्यावा, असं त्यांना वाटलं. पिठावर मुंग्यांच्या रांगाच रांगा उमटलेल्या होत्या. कोपऱ्यातून निघून दिव्याच्या बाजूनं वळसा घालून परत कोपऱ्याकडे गेलेल्या.

मागच्या बायांनी माना पुढं काढल्या.

"मुंगी," महादेवराव हळू आवाजात म्हणाले. "भागीरथाबाईपाशीच गेला मानूस."

यावर ज्यांना आतापर्यंत रडू आलं नव्हतं, त्यांनाही आलं. अण्णाजींची मूठ सगळ्या आळीला ठाऊक होती. हसायचेही लोक त्यांना. आता मात्र ज्यानं त्यानं आपलं हसू आठवून मान खाली घातली. शोभाबाईंनी घरून पिठलं-भात आणून ठेवला, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. महादेवरावांनी दूधवाल्या तानबाला फटफटीवर सेलूला धाडलं, जयवंताबाईला घेऊन ये म्हणून.

आणि दुपारच्या उन्हात आमचा हेडक्लार्क अर्धी रजा टाकून, घामानं निथळत, पण मनातून विजयी मुद्रेनं घराच्या फाटकाशी आला. ओसरीभर माणसं. सगळी खाली बसलेली, पुरुषांची डोकी उघडी. एवढ्या लोकांना मुंग्यांचं काम पाहायला कोणी बोलावलं, असं त्याच्या मनात आलं तेवढ्यात महादेवरावांनी येऊन त्याला कवटाळलं.

"किस्ना! अण्णाजी गेले, अन् तू मले एका शब्दानंही सांगतलं नाई रे!"

कृष्णकांतनं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. बाबांची खाट नव्हती. खाटेच्या जागी पीठ होतं आणि दिवा जळत होता.

सेलूहून निरोप आला, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. बस, ऊन, उपाशी म्हातारा, आणि "जा मग!" हे त्यानं आपल्या आपणच जुळवलं. कोण केव्हा निरोप घेऊन आलं, हे त्यानं विचारलं नाही. बाप गेल्यावर माणूस आवक-जावक विचारत नाही. तो अंगणातच, उभ्या केलेल्या खाटेपाशी बसला आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

"अग्नी कोनं देल्ला?" महादेवरावांनी पाठीवरून हात फिरवत विचारलं.

"मी नव्हतो!" कृष्णकांत हुंदक्यातून बोलला. "मी ऑफिसात होतो!"

ओसरीवर कुजबूज झाली. बापाला अग्नी द्यायचा सोडून पोरगा ऑफिसात!

"सरकारी नोकरी," महादेवराव लोकांकडे वळून म्हणाले, "कोनाले चुकली नाई."

"मी जा म्हटलं त्यांना, काका. मीच जा म्हटलं."

"सुटले म्हन ते. असं मोठ्या मनानं जा म्हनायले पोरगा लागते."

कृष्णकांतला हे ऐकवेना. सेलूला जातो म्हणून तो उठला, पण महादेवरावांनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं. आधी केस उतरव, मग कुठं जायचं तिथं जा. नत्थूजी न्हावी पेटी घेऊन तयारच होता. बाप असेपर्यंत मिशीला वस्तरा लावायचा नाही, आणि बाप गेला की ती ठेवायची नाही, हा आपल्याकडचा नेम. कृष्णकांतची मिशी ऑफिसात प्रसिद्ध होती, दोन्ही टोकांना किंचित वर गेलेली. नत्थूजीनं सुरुवात मिशीपासून केली. डावी बाजू उतरली.

तेवढ्यात पाठीवर औषधाचा पंप अडकवून बंडूजी हजर झाले. जेवण झालं होतं, डुलकी झाली होती, तोंडात पान होतं.

"बसा, बसा," ते एवढ्या गर्दीकडे पाहून खूश होऊन म्हणाले. गोदामातही त्यांचं काम पाहायला लोक जमायचे. "फक्त दारातून सरका, जी. मले मुंग्या मारू द्या."

महादेवराव उठून दारात आडवे झाले.

"ह्या घरातल्या एका मुंगीले हात लावशीन तर तंगडं मोडून हाती देईन! शरम नाई वाटत? मानूस आज मुंगीच्या जन्माले गेला अन् तू त्याले आजच मारून राह्यला?"

"कोन गेला?"

"पिठावर पावलं उमटली हायेत! डोयानं पाह्यली आमी!"

"उमटली ना?" बंडूजींचा चेहरा फुलला. "उमटतीनच! पीठ मीच टाकलं हाये. त्याच्याशिवाय मुंगीचा रस्ता दिसते का?"

ओसरीवरचं रडणं थांबलं.

"अन् हा दिवा?"

"माहाच."

"अन्... अन् हा फोटो?"

"तो फोटो नाई, जी. ते लायसन हाये!"

महादेवराव आत गेले. फ्रेमजवळ नाक नेलं. बराच वेळ वाचत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ज्याच्या पाया पडलो तो माणूस समोर पान चघळत उभा आहे, हे त्यांना सहन होईना.

"मंग अण्णाजी?" शोभाबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी कृष्णकांतकडे पाहिलं. गालाला साबण, ओठावर अर्धी मिशी.

"तुम्हीच सांगितलं ना मला?" तो म्हणाला.

"आमी? तू रडला ना बे!" महादेवराव ओरडले. "तू रडला म्हनून तं आमाले पक्कं झालं!"

आता हसावं की चिडावं हे कोणाला ठरवता येईना. कृष्णकांतच्या तर अजून ध्यानातच येत नव्हतं. बाबा गेलेले नाहीत, एवढंच एक वाक्य तो मनात उलटंसुलटं करून पाहत होता, आणि ते खरं धरायची त्याला भीती वाटत होती.

फाटकापाशी फटफटी थांबली. तानबाच्या मागं अण्णाजी बसलेले होते. सेलूला तानबानं दारातून अण्णाजींनाच जेवताना पाहिलं आणि त्याची वाचाच बसली होती. "घरी पीठ टाकलं हाये, चला," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. अण्णाजी हातावर पाणीही न घेता ताटावरून उठले. आपल्याखेरीज घरातलं कोण जाण्यासारखं होतं? दिवस भरलेली नात. साऱ्या वाटेनं त्यांनी तानबाला दुसरं काही विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

ते धडपडत अंगणात आले. धोतर धुळीनं भरलेलं, हाताला अजून भात चिकटलेला.

"लीना कुठं हाये?"

लोक उठून भिंतीकडे सरकले. साक्षात अण्णाजी समोर पाहून शोभाबाईंनी तर डोळेच मिटून घेतले होते.

"किस्ना, लीना कुठं हाये रे?"

"बरी आहे बाबा. तिच्या मावशीकडे आहे. बरी आहे."

अण्णाजींनी खाटेचा पाय धरला आणि हळूहळू खाली बसले. कृष्णकांतनं पाण्याचा तांब्या पुढं केला. या घरचं पाणी पिणार नाही म्हणून गेलेला म्हातारा तो तांब्या एका दमात प्याला. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

"मंग पीठ कोनाच्या नावाचं?"

"तुमच्याच," महादेवराव खाली पाहून म्हणाले.

अण्णाजी उठले. आत जाऊन पिठापाशी उकिडवे बसले, नेहमी बसायचे तसे. मुंग्यांची वेल पाहिली.

"मी तं जिता हाये," ते म्हणाले. "मंग मुंगी कशी उमटली?"

बंडूजींना आपल्या धंद्यातला प्रश्न ऐकून आनंद झाला. "पीठ टाकलं का मुंगी येतेच, जी! मानूस मरो का जगो, तिले काय त्याचं? कोनाच्याही घरी टाका."

"कोनाच्याही?"

"कोनाच्याही."

"दरवेळी येते?"

"हरवेळी, जी. शंभर टक्के."

कृष्णकांत दारात उभा होता. बंडूजींच्या तोंडावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण उशीर झाला होता. बाबांची पाठ त्याला दिसत होती आणि ती एकदम लहान झाल्यासारखी दिसली. मुंग्या घालवायला माणूस त्यानंच आणला होता, लायसन बघून आणला होता. तो माणूस काय काय घालवणार आहे, हे लायसनवर लिहिलेलं नव्हतं.

अण्णाजींनी मान वर केली. आवाजात राग नव्हता. स्टँडवर एखाद्याला गाडी विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मंग माही भागीरथा कुठं गेली?"

पान चघळायचं थांबलं. बंडूजींनी एकदा पिठाकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या फ्रेमकडे.

"ते..." ते चाचरले. "ते आपल्या लायसनमंदी येत नाई, जी."

अण्णाजींनी थोडा वेळ वाट पाहिली, आणखी कोणी सांगेल म्हणून. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बंडूजींना म्हणाले, "मारा मंग. घरी लेकरू येऊन राह्यलं."

"नाही," कृष्णकांत म्हणाला.

"नाई काऊन? तुलेच मारायच्या होत्या ना?"

"नाही मारायच्या."

"लेकराले चावतीन रे, येड्या!"

"बाबा, नको म्हणतो ना मी!"

"घर माहंही हाये. मी म्हन्तो मार!"

"अन् मी म्हणतो नको!"

कालची दोघं, कालचंच भांडण, फक्त बाजू बदललेल्या. बंडूजी नळी हातात धरून एकदा बापाकडे आणि एकदा लेकाकडे वळत राहिले. शेवटी शोभाबाईंनी तोडगा काढला. लीनाच्या खोलीत औषध मारावं, पाळण्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, आणि समोरच्या खोलीला कोणी हात लावू नये. पंचाईत मिटली. बंडूजींनी पाठ वळवून एक खोली फवारली, लायसन खिळ्यावरून काढलं आणि हार तिथंच सोडून ते निघून गेले. लोकांनी पिठलं-भात वाढून घेतला, कारण रांधलेलं अन्न टाकू नये. अण्णाजींच्या मयताचं जेवण अण्णाजींनाही वाढलं. त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

पानं उठली तेव्हा नत्थूजीला आपलं काम अर्धं राहिल्याचं आठवलं. वस्तरा पुसत तो म्हणाला, "किस्नाभाऊ, या इकडं. हे उरलेली मिशी काढून टाकू. हे असं बरं दिसत नाई."

कृष्णकांत उठू लागला. अण्णाजींनी त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं.

"राहू द्या," ते नत्थूजीला म्हणाले. "मी हाये ना अजून."

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क अर्ध्या मिशीनं ऑफिसात गेला. साहेबांसकट सगळ्यांनी विचारलं. मुंग्यांचं काय झालं, तेही विचारलं. लायसनवाल्याबद्दल तो काहीच बोलला नाही. मिशीबद्दल मात्र ज्यानं विचारलं त्याला एवढंच सांगायचा, "वडील आहेत घरी." आणि खाली मान घालून कामाला लागायचा.